कौमाचा रकाना

धावड्यात उर्दू वाचणारा शेवटचा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर पुंजाराम आबा घसा साफ करून स्वतःच उत्तर देत. नाही विचारलं तरी देत. निजामाच्या अमलात ते तीन इयत्ता शिकले होते आणि त्या तीन इयत्तांवर त्यांनी साठ वर्षं रुबाब केला होता. कुणाच्या घरात जुनी सनद नाहीतर वसुलीची पावती निघाली की ती आबांकडे येई. आबा धोतराच्या सोग्याला चष्मा पुसत, कागद उजेडाकडे धरत आणि 'अमुक वल्द तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, असा सूर लावत. त्यांनी बरोबर वाचलं की चूक, हे सांगणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, हा त्या विद्येचा सगळ्यात मोठा फायदा होता. मशिदीत मौलवी होते, पण ते परगावचे, तरुण. छापील उर्दू फडाफडा वाचत, मात्र कारकुनाचं घसीट अक्षर दिसलं की तेही म्हणत, "पुंजाराम चाचा को दिखाओ." हे वाक्य आबा ज्याला-त्याला मौलवींच्या आवाजात ऐकवत.

आबांचा दुसरा अभिमान जातीचा. आम्ही मराठे, शहाण्णव कुळी, हे ते नमस्कारानंतर दुसऱ्या वाक्यात सांगत. बुलढाणा जिल्ह्याची हद्द गावापासून फार लांब नाही. हद्दीपलीकडचे शेतकरी आपली जात कुणबी सांगत, अलीकडचे मराठा. दोन्हीकडे नांगर तोच, भाकर तीच, खंडोबा तोच, कपाशीवरची अळीसुद्धा तीच. पण मधली हद्द देवानं स्वतः दोरी धरून आखली आहे, अशी आबांची समजूत होती. गंमत अशी की शेती करण्याला ते स्वतः 'कुणबीक' म्हणत. "चाळीस साल कुणबीक केली म्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणबीक करतो तो कुणबीच की, असं त्यांच्या कारभारीण सोनूबाई एकदा बोलून गेल्या, तर आबांनी दोन दिवस त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, कारण घरात दुसऱ्या कुणाला त्यांच्या चवीचा चहा जमत नव्हता.

दोन हजार पाच साली आबांची नात शिवकन्या बारावी झाली. काकासाहेबांची, म्हणजे आबांच्या मुलाची, ही थोरली. एक्याऐंशी टक्के पडले. पोरीला मास्तरीण व्हायचं होतं आणि त्यासाठी डी.एड.चा फॉर्म भरायचा होता. फॉर्म आला तो दिवस आबांनी सणासारखा साजरा केला. ओट्यावर सतरंजी टाकली, शिवकन्येला समोर बसवलं आणि एकेक रकाना स्वतः सांगायला घेतला. जातीचा रकाना आला तेव्हा त्यांनी मांडी बदलली.

"लिव्ह, हिंदू मराठा. शहाण्णव कुळी."

"आबा, एवढी जागा न्हाई त्यात."

"मंग बारीक लिव्ह."

शिवकन्येनं बारीक लिहिलं. प्रवर्गाच्या रकान्यात 'खुला' लिहिताना मात्र आबांनी तिला पेन दाबून लिहायला लावलं. खुल्या प्रवर्गाचा अर्थ त्यांनी असा लावला होता, की आपल्याला सगळीकडं दारं खुली आहेत.

पहिली यादी लागली. खुल्यातल्या मुलींची यादी ब्याऐंशीवर बंद झाली. ओबीसीची अठ्ठ्याहत्तरवर. शिवकन्येच्या शेजारच्या बाकावर बसणारी माळ्याची पोर एकोणऐंशीला लागली आणि पेढे घेऊन घरी आली. शिवकन्येनं तिला मिठी मारली, पेढा खाल्ला, ती गेल्यावर न्हाणीत जाऊन तोंड धुतलं आणि ते बराच वेळ धुतलं.

दोन दिवसांनी काकासाहेब भोकरदनच्या तहसिलातून नवी खबर घेऊन आले. आबा दाराशी सुतळी वळत बसले होते. त्यांच्यासमोर बोलावं की नाही, हे ठरवता ठरवता काकासाहेबांनी दोनदा चप्पल काढली, दोनदा घातली.

"आबा, क्लार्क म्हणला, जुन्या कागदात कुठंबी आपल्या घराची जात कुणबी निघाली तर ओबीसीचा दाखला मिळतो. दुसऱ्या यादीच्या आधी जोडला तर पोरीचं काम होतंय."

"कुणाची जात कुणबी?" आबांनी सुतळी खाली ठेवली.

"आपली."

"आपली? अरे, आपल्या घरात कुणबी कव्हा झाला कुणी?"

"झाला असं न्हाई, आबा. लिव्हलेलं असलं तर."

"लिव्हलेलं बी नसंल. म्या स्वतः शाळेत होतो. निजामाच्या शाळेत. जा, काढा रजिष्टर. म्याच वाचून दाखवतो."

हे आबा तावातावानं बोलले आणि बोलण्यात अडकले. रजिस्टर वाचायला त्यांच्याशिवाय कोण होतं? पुढच्या यादीला महिना उरला होता.

पंचमी तोंडावर आल्यानं आबांची लेक उषाबाई आष्टीहून माहेरी आली होती. चाळिशीची, बोलायला मोकळी, घरात आली की घराचा आवाज वाढायचा. आबा शाळेत निघाले तशी शिवकन्या निघाली आणि शिवकन्येच्या मागे उषाबाईही. आपली शाळा पाहून लई साल झाले म्हणाली.

हेडमास्तर भालचंद्र सर जालन्याहून जाऊन-येऊन करणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी आबांना खुर्ची दिली. शिपाई कचरूनं पत्र्याची पेटी उघडली, धुळीनं चार शिंका दिल्या आणि तळातून वाळवीनं कडा खाल्लेलं एक रजिस्टर काढलं. सरांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं आणि हात जोडले.

"आबासाहेब, हे आपलंच काम. आधी आपण बघून सांगा. तसा शब्द असेल तर नक्कल देतो, मग जालन्याला भाषांतरकाराचा शिक्का घेता येईल. नसेल तर उगीच कुणाला हेलपाटा नको."

आबांना आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता. त्यांनी तो घाईनं संपवला नाही. पानं उलटत ते गावचे आजे-पणजे हजेरीला उभे करू लागले.

"कचरू, हा तुझा आजा बघ. नाव कमी केलंय. सबब लिव्हलीय, आवारा."

"खरंच आवारा लिव्हलंय?" कचरूचं तोंड उतरलं.

"बिलकुल. साफ अक्षर हाय."

शिवकन्या हसली, उषाबाई हसली, सरही रुमालाआड हसले. मग आबांचं बोट तेराशे बावन्न फसलीच्या, म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस सालच्या, पानावर आलं आणि एका ओळीवर थांबलं. पुंजाराम वल्द भिवा. पेशा, काश्तकारी. काश्तकारी म्हणजे शेती; त्याच्या पुढचा रकाना कौमाचा, म्हणजे जातीचा.

काफ, नून, बे, ये.

आबांनी चष्मा वर केला, खाली केला. अक्षरं हलली नाहीत. कुनबी. वरच्या ओळीत कुनबी, खालच्या ओळीत कुनबी, पानभर जिकडंतिकडं कुनबी पेरलेले. त्यांचा बाप भिवा साठ वर्षांपूर्वी ह्याच शाळेच्या दारात उभा राहून मास्तराला आपली जात सांगून गेला होता, आणि सांगताना त्याची जीभ अडखळल्याची कुठं खूण नव्हती.

आबांनी मान वर केली ती सरांकडे बघायला. पण नजर गेली दाराकडे. दारात उषाबाई उभी होती, चौकटीला टेकून, मघाचं हसू अजून तोंडावर असलेली.

"मराठा," आबा म्हणाले.

"मराठा?" सरांनी विचारलं.

"मराठा. साफ लिव्हलंय."

शिवकन्या वाकून पानाकडे पाहत होती. "एवढा बारीक शब्द, आबा?"

"उर्दूत सगळं बारीकच राहतंय," आबा तिच्यावर खेकसले आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

पोरीनं पुढं काही विचारलं नाही. "बरं आबा," एवढंच म्हणाली. तिचा आबांवर विश्वास होता. गावात सगळ्यांचा होता. त्या विश्वासाचं ओझं आबांना पहिल्यांदा त्या दिवशी जाणवलं.

आबांची जीभ का फिरली, हे समजायला बावीस वर्षं मागं जावं लागेल. नुसत्या मानापानाचा प्रश्न असता तर नातीसाठी त्यांनी तो गिळलाही असता. पण त्र्याऐंशी साली हद्दीपलीकडून उषाला एक स्थळ आलं होतं. मुलाचं नाव मच्छिंद्र. पोस्टात नुकताच लागलेला, सायकलवर ताठ बसणारा, बोलताना समोरच्याचं ऐकून घेणारा. उषानं आईला 'मला पसंत हाय' असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि त्या काळात धावड्याची पोर असं सांगत नसे. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. बैठकीत मच्छिंद्राचा बाप सहज बोलून गेला, "आमच्या कागदावर कुणबी हाय, पाव्हणे." आबांनी चहाची बशी अर्धी तशीच खाली ठेवली. "आम्ही कुणब्यात पोरगी देत न्हाई," असं म्हणून ते उठले, आणि पाव्हण्यांना उन्हातच परत फिरावं लागलं.

पुढच्या वर्षी उषा आष्टीच्या भुजंगरावांना दिली. कुळ असं मोठं, की घरात पाय ठेवताना वाकावं लागे. दार बुटकं होतं हे वेगळं. बडा घर पोकळ वासा. भुजंगराव वाईट नव्हते. पीत नसत, हात उगारत नसत. ते फक्त बसून असत. सकाळी मिशीला पीळ देत, दुपारी पूर्वजांच्या लढाया सांगत, संध्याकाळी जेवायला काय आहे ते विचारत. उषाबाईनं गावात पिठाची गिरणी टाकली आणि वीस वर्षं पांढऱ्या भुवयांनी संसार ओढला. माहेरी येऊन तिनं कधी रडगाणं गायलं नाही. त्यामुळे आबांना आपण योग्य तेच केलं असं समजायला काही अडचण नव्हती. मोठ्या कुळाला थोडा त्रास असतोच, असं ते मनाला सांगत.

आणि आता रजिस्टर म्हणत होतं, की ज्या शब्दासाठी पाव्हणे उठवले तो शब्द आपल्याच नावापुढं होता. वाचला असता तर तो उषासमोर वाचावा लागला असता. म्हणून जीभ फिरली.

घरी काकासाहेबांनी ऐकून घेतलं. "मंग संपलं," म्हणाले. आबांना जेवण गेलं नाही. सोनूबाईंनी विचारलं, "पोटात दुखून राह्यलं का?" आबा 'हो' म्हणाले, आणि त्यावर ओवा खावा लागला. पोट दुखत नसताना ओवा फार तिखट लागतो.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी काकासाहेब पाय धुऊन आले आणि आबांच्या शेजारी टेकले.

"आबा, तीर्थपुरीहून स्थळ आलंय शिवकन्येला. डी.एड. तर होत न्हाई. घरी बसवून काय करायचं?"

"पोरगा काय करतो?"

"तसं काय न्हाई करत सध्या." काकासाहेब थोडं थांबले. "पण कुळ मोठं हाय."

 हे वाक्य आबांना चांगलं ओळखीचं होतं. आष्टीच्या स्थळाची बातमी सोनूबाईंना सांगताना त्यांनी ते असंच, असंच थोडं थांबून, म्हटलं होतं. चुलीपाशी उषाबाई भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज मध्येच बंद झाला, मग पुन्हा सुरू झाला. शिवकन्या परातीत पीठ ओतत होती. तिनं आत्याकडे पाहिलं नाही आणि बापाकडेही पाहिलं नाही.

आबांच्या अंगावर कुणी गार पाणी ओतल्यासारखं झालं. एका पोरीचं आपण न वाचता बिघडवलं होतं. दुसरीचं वाचून बिघडवत होतो.

सकाळी शाळा उघडायच्या आधी ते दारात जाऊन बसले. येताना घरी सांगून आले होते, "शिवकन्या, ये. उषा, तूबी ये. तू तर येच." कचरूनं पेटी काढली आणि पुन्हा चार शिंका दिल्या.

"आबासाहेब, त्या दिवशी तर आपण वाचलं होतं," भालचंद्र सर म्हणाले.

"त्या दिवशी चष्मा बराबर नव्हता."

"हाच तर व्हता," कचरू म्हणाला.

"नंबर वाढलाय," आबा म्हणाले. मग त्यांनाच त्याचा कंटाळा आला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "न्हाई सर. चष्मा बराबर होता. म्या खोटं वाचलं. आन कचरू, तुझ्या आज्याच्या नावापुढं आवारा न्हाई, बिमार लिव्हलंय. तेबी म्या गमतीनं वाचलं."

कचरूच्या तोंडावर कुणी दिवा लावल्यासारखा उजेड पडला. आबांनी चष्मा परत घातला, पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. त्यांचा नेहमीचा सूर लागला नाही. पहिलीतलं पोर वाचतं तसं त्यांनी एकेक अक्षर सुटं वाचलं.

"पुंजाराम वल्द भिवा. पेशा, काश्तकारी. कौम..." ते थांबले. दाराकडे न बघता त्यांना ते म्हणता आलं असतं. त्यांनी दाराकडे बघितलं. "कौम, कुनबी."

शिवकन्येनं दोन्ही हात तोंडावर घेतले. सरांनी लगेच कागद ओढून नकलेचा मसुदा करायला घेतला. उषाबाई चौकटीवरून बाजूला झाली आणि चालायला लागली.

आबा धोतर सावरत तिच्यामागं गेले. सत्तर वर्षांच्या माणसानं धावू नये, पण ते धावले. वडाच्या पाराजवळ तिला गाठलं.

"उषा, थांब जराशी."

ती थांबली. तिचे डोळे कोरडे होते.

"तव्हा तुम्हाला उर्दू येत नव्हतं का, आबा?"

"येत होतं."

"मंग?"

आबांकडे सगळ्या प्रश्नांना उत्तरं असत. ह्या प्रश्नाला एकच होतं आणि ते त्यांना आवडत नव्हतं. "पाह्यलं न्हाई," ते म्हणाले. "पाहायची गरजच न्हाई, असं वाटलं. आपल्याला सगळं माहीतच हाय, असं वाटलं."

उषाबाई मान हलवून घरी गेली. सोनूबाईंना कळलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या बापानं माझ्या बापाला सोयरीक करतानाच सांगितल्तं, आपण कुणबी-कुणबी म्हणून. मला वाटलं तुम्हाला ठाव असंल. तुम्ही शिकलेले."

ही गोष्ट त्यांनी पन्नास वर्षांत का सांगितली नाही, असं आबांनी विचारलं. "तुम्ही बोलायचं थांबले कव्हा?" असं उत्तर आलं.

त्या दिवसापासून उषाबाई आबांशी बोलेनाशी झाली. रागानं ताट आपटलं नाही की काही नाही. भाकर वाढे, वर तेल-चटणी वाढे, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवी. फक्त बोलत नसे. एरवी ती आली की आबांना मध्ये बोलायला जागा मिळत नसे, आणि त्यावर ते कुरकुरत. आता घरभर जागा होती. आबांना ती नको होती. आपल्या लेकीनं आपल्याला शिव्या द्याव्यात, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पंचमी झाली. उषाबाई झोका खेळली, बायकांत हसली, आबांच्या समोर आली की हसणं बाजूला ठेवी.

इकडं कागद पळत होते. जालन्याच्या भाषांतरकारानं 'कुणबी' असा शिक्का मारून दिला. फीचा खर्च काकासाहेबांनी हूं का चूं न करता केला. दाखला निघाला, दुसऱ्या यादीत शिवकन्येचं नाव लागलं, ती आज परतूरकडे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे आणि तिच्या पोरांना अक्षर सुटं-सुटं वाचायला लावते. पण हे सगळं पुढचं. दाखला निघण्याआधी तलाठ्याची घरचौकशी झाली, ती सांगायची राहिली.

मार्तंड तलाठी तरुण होता, नवा होता, म्हणून नियमानं चालत होता. दुपारी छापील कागद घेऊन ओट्यावर बसला. धंदा काय, कुलदैवत कोणतं, सण कोणते, लग्नात देवक काय, एकेक विचारत गेला, आबा सांगत गेले. काकासाहेब खांबाला टेकून उभे होते. उषाबाई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यात थांबली.

"आता शेवटचं," तलाठी म्हणाला. "कुणबी समाजात तुमची सोयरीक कुणाकुणाशी हाय?"

आबांनी चष्मा काढून सोग्याला पुसायला घेतला.

"म्हणजे सून कुणाची, लेक कुठं दिली, त्यांचे दाखले?"

"त्यांच्या समद्यांच्या दाखल्यावर मराठा हाय," काकासाहेब म्हणाले.

"एकबी सोयरीक न्हाई का? रजिस्टर हाय, त्यामुळं अडायचं न्हाई. पण हा रकाना मोकळा सोडता येत न्हाई मला."

तलाठी पेन धरून वाट पाहत होता. 'न्हाई' म्हणणं सोपं होतं. काकासाहेबांनी ते म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"एक आल्ती," आबा म्हणाले.

"कव्हा?"

"त्र्याऐंशी साली. हद्दीपलीकडची. पोरगा पोस्टात होता. पोरीला पसंत होता."

"मंग झालं ना काम. नाव सांगा."

"झाली न्हाई सोयरीक. म्या मोडली."

"का?"

आबांनी ओठ ओले केले. "ते कुणबी होते म्हणून."

तलाठ्याचं पेन कागदावर टेकलं ते टेकलंच. आपली थट्टा चालली आहे की काय, म्हणून त्यानं काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेब खांबाकडे बघत होते.

"लिव्हा की," आबा म्हणाले. "माझं नाव घालून लिव्हा. पुंजाराम वल्द भिवा, यानं मोडली. येडेपणानं मोडली."

"आबा, असं न्हाई लिहिता येत. हा पुरावा कसा होईल?"

उंबऱ्यातून उषाबाई पुढं आली. तिनं चहाचा कप तलाठ्यापुढं ठेवला, दुसरा आबांपुढं.

"लिव्हा हो साहेब," ती म्हणाली. "ह्याच्यापेक्षा पक्का पुरावा कुठून आणायचा? कुणब्याला एवढं हिणवतंय कोण, कुणब्याबिगर?"

तलाठी आधी हसला, मग काकासाहेब हसले, आतून सोनूबाईंचं हसू ऐकू आलं. आबांनाही हसू फुटलं, पण ते अर्ध्या वाटेत फिरलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्यांनी लपवलं नाही. नऊ दिवसांनी लेक बोलली होती. ती तलाठ्याशी बोलली होती, पण ऐकवलं होतं आपल्याला, एवढं त्यांना बरोबर कळलं.

"हां, काय लिव्हू मंग?" तलाठ्यानं विचारलं.

"पोरगी म्हणते तेच लिव्हा," आबा म्हणाले. "तव्हा तिला इचारलं न्हाई. आज तिचं लिव्हा."